हळदीची माती

रतन वस्तादांना राग यायला फारसं निमित्त लागत नसे, पण तो ते आखाड्यात जिरवत. या वर्षी तो जिरला नाही, आणि जिरायचं काही कारणही नव्हतं.

डोंबिवलीच्या कडेला बंद पडलेल्या रंगाच्या कारखान्याची जागा मुळात त्यांच्या बापाची भातशेती. कारखान्यासाठी ती गेली. बदल्यात रतनला तिथंच नोकरी लागली, मग कारखान्यालाच टाळं लागलं. मालक पैसा घेऊन गेला, पिंपं ठेवून गेला. वस्ताद वागळे इस्टेटमधल्या वर्कशॉपात लेथवर उभे राहू लागले, आणि संध्याकाळी कारखान्याच्या मागच्या आवारात हौद बांधून, लाल माती भरून पोरांना कुस्ती शिकवू लागले. बापाच्या जमिनीवर आपण चोरासारखे शिरतो, असं ते म्हणत.

एका पावसाळ्यात हौदात खालून जांभळं पाणी चढलं. पुतणी शिवानी त्या मातीत लढली आणि तिच्या पाठीवर फोड उठले. औषधानं बसत, पुन्हा उठत. वस्तादांनी त्याच दिवशी आखाडा बंद केला.

अशा जागांसाठी सरकारचा निधी होता. बंद कारखान्याची जमीन आधी तपासायची, विषारी निघाली तर साफ करायची, मगच मैदान म्हणून लोकांना द्यायची. त्या निधीसाठी वस्तादांनी कचेऱ्यांचे उंबरठे झिजवले. सरकारी काम आणि सहा महिने थांब म्हणतात. इथं शिवानीचं कुस्तीचं वय निघून चाललं होतं. शेवटी निधी मंजूर झाला आणि निरोप आला, उद्या माती तपासायला माणसं येतायत.

तिथंच वस्तादांची चूक झाली. पाहुणा येणार म्हटल्यावर वस्ताद पडीक हौद दाखवत नाही. त्यांनी चांगली लाल माती आणून वर ओतली, फावड्यानं उलटीपालटी केली, तेल आणि हळद घातली, लिंबं पिळली. बायकोला, सुमतीला, मातीत ओतायला ताक आणायला सांगितलं.

"तपासायला येतायत ते, जेवायला नाय," सुमती म्हणाली.

"आखाडा हाय आपला. इज्जत हाय," वस्ताद म्हणाले.

दुसऱ्या दिवशी त्यांना वर्कशॉपातली पाळी सोडून येता आलं नाही. ठेकेदाराचा माणूस आला, ऋतुराज नावाचा. आवारभर काँक्रीट आणि राडारोडा, त्याचं यंत्र जिथं टेकवावं तिथं अडायचं. हौदातली माती मात्र लोण्यासारखी. त्यानं सगळ्या पिशव्या तिथूनच भरल्या, फोटो काढले आणि गेला.

अहवाल आला: माती निर्धोक, सेंद्रिय अंश उत्तम, मैदानास योग्य. सेंद्रिय अंश म्हणजे सुमतीचं ताक.

वस्ताद तडक कचेरीत गेले. "साहेब, तुम्ही आमची हळद तपासलीत. जमीन तिच्या खाली हाय."

"एका जागेला निधी एकदाच मिळतो, वस्ताद. तो या तपासणीत खर्च झालाय," साहेब म्हणाले. "आणि अहवाल चांगला आलाय, तर तुमचंच भलं ना?"

या असल्या भल्याला काय जाळायचंय? खाली विष आहे हे ज्याला ठाऊक, त्याच्याच हातच्या मातीनं ते झाकलं गेलं. वस्तादांना साहेबांचा राग आला, ऋतुराजचा आला, आणि सगळ्यात जास्त स्वतःच्या हातांचा आला. घरी शिवानी दारातच उभी होती. "काका, रिपोर्ट आलाय ना? आता खेळू?" त्यांना तिच्याकडे बघवलं नाही.

मैदानाचं उद्घाटन ठरलं. मांडव उभा राहिला, कमान लागली. आखाड्याची रीत अशी, की उतरण्याआधी माती कपाळाला लावायची. पहिला मान साहेबांचा. वस्ताद ताट घेऊन पुढे आले. त्यातली माती त्यांनी पहाटे हौदाचा तळ फोडून, त्याच्याही खालून काढली होती. ती जांभळट, चिकट होती आणि तिला कारखान्याचा जुना उग्र वास होता.

साहेबांनी बोटं पुढे केली. वास आला तशी ती तिथंच थांबली, मग हात मागे गेला आणि खिशातला रुमाल नाकाला लागला.

"लावा साहेब. निर्धोक हाय. अहवालाखाली तुमची सही हाय."

"हे नंतर बघू, वस्ताद. लोक बसलेत."

साहेबांच्या मागेच शिवानी उभी होती. केस घट्ट बांधून, मातीसाठी मान खाली वाकवून. वस्तादांनी ताट तिच्यापासून लांब धरलं.

"तुम्हाला बोट लावायला नको," ते म्हणाले, "आणि माझ्या पोरीनं हिच्यात पाठ टेकायची?"

साहेब आणखी एक पाऊल मागे सरकले. वस्तादांनी ताट त्यांच्या खुर्चीवर ठेवलं आणि शिवानीला घेऊन मांडवाबाहेर निघाले. मागे त्या खुर्चीत कोणी बसलं नाही.