वन्संनी कप उचलला की

आमच्या वन्सं, म्हणजे माझ्या नवऱ्याची थोरली बहीण, बावीस वर्षं नाट्यगृहाच्या पुढच्या दालनात चहा-कॉफीचं काउंटर चालवतात. एवढ्या वर्षांत त्यांनी एकही नाटक धड पाहिलेलं नाही. पाठ आहेत ती फक्त मध्यंतरं. कुठलंही नाटक विचारा, "घशाला कोरड पाडतं" किंवा "बिस्किटं बरी खपतात," यापलीकडे त्यांचं परीक्षण जात नाही. मी त्यांच्या हाताखाली कप विसळते. घरातही वन्सं, कामावरही वन्सं, म्हणजे माझा जन्म ऐकून घेण्यातच जायचा.

यंदा मॅनेजरांच्या डोक्यात आलं की पुढच्या दालनातच सहा रविवार सकाळी अकराला वाद्यवादन ठेवायचं. चार वादक, ऐंशी खुर्च्या, माईक नाही. दोन व्हायोलिनं, एक त्याहून थोडं मोठं, आणि एक चेलो, जो गुडघ्यांत धरून वाजवतात. वादन सुरू असताना काउंटरवर चमचासुद्धा वाजता कामा नये, आणि मध्यंतर झालं की ऐंशी जणांना बारा मिनिटांत वाफाळता चहा मिळाला पाहिजे.

आता आमचा बॉयलर पडला जुना. पाणी उकळायला सोळा मिनिटं घेतो आणि उकळलं की शिट्टी मारतो. आधी उकळून ठेवावं तर मध्यंतरापर्यंत कोमट. कोमट चहा देण्यापेक्षा वन्सं राजीनामा देतील.

पण त्या हार मानणाऱ्यांतल्या नाहीत. चेलोवाले गृहस्थ चांगले गोल होते. त्यांना केकचा मोठा तुकडा देऊन वन्संनी सगळं काढून घेतलं. पहिल्या अर्ध्यात एकच रचना असते, तिचे चार भाग, मधे जरा जरा थांबतात. झालं. तिसरा भाग सुरू झाला की वन्सं बटण दाबायच्या, चौथा संपता संपता हात पुसून पहिला कप उचलायच्या, आणि नेमक्या त्याच क्षणी टाळ्यांत शिट्टी बुडून जायची.

इकडे श्रोत्यांची वेगळीच पंचाईत होती. पहिल्या रविवारी मॅनेजरांनी पहिला भाग संपल्यावर एकट्यानेच टाळ्या वाजवल्या होत्या. पुढच्या रांगेतल्या एका म्हाताऱ्या गृहस्थांनी वळून चष्म्यावरून असं पाहिलं की मॅनेजरांनी हात खिशातच घातले. अख्खी रचना संपेपर्यंत टाळ्या वाजवायच्या नसतात म्हणे. तेव्हापासून कुणाचीच हिंमत होईना. मग हळूहळू सगळ्यांच्या ध्यानात आलं की काउंटरवरच्या मावशींनी कप उचलला की संपतं, आणि शेवटी ट्रे उचलला की सगळंच संपतं. तिसऱ्या रविवारपासून ऐंशी माना वादकांकडे आणि डोळे वन्संकडे. वन्संना ते कळत होतं, नाही असं नाही. घरी भाजी चिरतानासुद्धा हात उगाच डौलात फिरायला लागला होता.

पाचव्या रविवारी मॅनेजर एक रंगीत कागद घेऊन आले. पैसे टाकले की चहा देणारं यंत्र. "मावशी, तुमचेही गुडघे दुखतात. पुढच्या रविवारी नाट्यगृहाच्या अध्यक्षबाई येणार आहेत, त्यांच्यासमोर सगळं नीट झालं तर बघू. पण जरा जरी आवाज झाला ना, तर मलाही काही बोलता यायचं नाही."

त्या आठवड्यात वन्सं जेवल्या नाहीत धड. "अगं, काउंटर गेलं तर मी घरी बसून काय करू?" म्हणाल्या. मला वाईट वाटलं, आणि घरी बसून त्या काय करतील या विचाराने धडकीही भरली.

शेवटचा रविवार आला. अध्यक्षबाई पहिल्या रांगेत, मधोमध. सगळं ठरल्याप्रमाणे चाललं. तिसऱ्या भागाला बटण, चौथ्याच्या शेवटी हात पुसले, कप उचलला. शिट्टी झाली. ऐंशी माणसांनी टाळ्यांचा कडकडाट केला, अध्यक्षबाई तर उभ्याच राहिल्या, आणि चष्मेवाले गृहस्थ सगळ्यांत जोरात. बघता बघता काउंटरपुढे रांग लागली.

वादक मात्र तसेच बसलेले, गज हवेत. मोठ्या व्हायोलिनवाल्या बाईंनी असं तोंड केलं की जणू कुणीतरी त्यांच्या ताटातला घास पळवलाय. चेलोवाल्यांनी एकदा रांगेकडे पाहिलं, एकदा केककडे, आणि वाद्य खाली ठेवून सरळ आमच्याकडे आले.

"मावशी," ते हळूच म्हणाले, "आज पाच भाग होते."

वन्संच्या हातातला कप तसाच राहिला. चहा दिला सगळ्यांना. मध्यंतर संपत आल्यावर मला म्हणाल्या, "माझ्या हाताने घालवलं मी काउंटर. आता कश्शाकश्शाला हात लावणार नाही." आणि काउंटरमागच्या स्टुलावर मांडीवर हात ठेवून बसल्या.

मध्यंतरानंतर उरलेला पाचवा भाग वाजवला. फार सुंदर होता म्हणे. वन्सं डोळे मिटून ऐकत होत्या. बावीस वर्षांत पहिल्यांदाच काहीतरी शेवटपर्यंत ऐकत होत्या.

संपलं. वादकांनी गज खाली घेतले.

कुणी हललं नाही. सगळं दालन मान वळवून काउंटरकडे बघतंय, आणि वन्संचे हात मांडीवर. व्हायोलिनवाल्या बाई आता रडवेल्या झाल्या. चष्मेवाले गृहस्थ अर्धवट उंचावलेले तळवे धरून बसले होते. अध्यक्षबाईंनी मॅनेजरांना कोपराने ढोसलं. मॅनेजर वळून घाम पुसत मला खुणेने विचारायला लागले, संपलं का? मला काय ठाऊक, मी कप विसळणारी.

मी वन्संना चिमटा काढला. त्यांनी डोळे उघडले. ऐंशी माणसं आपल्या तोंडाकडे बघताहेत हे पाहून त्या गडबडल्या, डोळे पुसले आणि सवयीने ट्रे उचलला.

टाळ्या थांबेनात. निघताना अध्यक्षबाई मॅनेजरांना म्हणाल्या, "त्या बाईंना सोडू नका हं. बाकी कुणाला काही कळत नाही इथे."

दुसऱ्या दिवशी मॅनेजर आले. यंत्राबद्दल चकार शब्द नाही. म्हणाले, "मावशी, पुढच्या वर्षी काउंटर थोडं डावीकडे घेऊ. माझ्या खुर्चीवरून मधे खांब येतो."

तो रंगीत कागद वन्संनी घडी करून काउंटरच्या डगमगत्या पायाखाली सरकवला.