लताबाईंची पाचर

सातपूरच्या आमच्या शेडमध्ये पत्रा कापणाऱ्या प्रेसने लताबाई साळवेंची दोन बोटं तोडली, तेव्हा त्या बावीस वर्षांच्या होत्या. तेव्हाच्या सुपरवायझरने आधी पत्रा बाजूला काढला, मग बाईला. महिन्याभराने त्या त्याच प्रेसवर उभ्या राहिल्या. आज पन्नाशीच्या आहेत.

प्रेसला दोन बटणं असतात. दोन्ही हातांनी एकदम दाबायची, म्हणजे हात आत राहत नाही. पण तयार तुकडा बाहेर काढायला हात आत घालावाच लागतो, आणि दर वेळी दोन्ही हात परत बटणांवर नेत बसलं तर टारगेट होत नाही. म्हणून जुनी बाई नवीच्या एका बटणात लाकडी पाचर ठोकून देते. बटण दाबलेलंच राहतं, एक हात मोकळा. आमच्यात याला माया म्हणतात. दोन लेकरांची आई असलेल्या स्नेहाला पाचर लताबाईंनीच ठोकून दिली होती.

मागच्या वर्षी अडचणी सोडवण्याच्या पद्धतीचा तीन दिवसांचा वर्ग झाला. आताचा सुपरवायझर यादव चक्क घोरला. संख्या भरायला बसवलेल्या लताबाईंनी वही भरली. शिकवलं ते असं: एकमेकींशी भांडणाऱ्या दोन गरजा समोरासमोर लिहायच्या, तडजोड करायची नाही, आणि यंत्रात फुकट वाया काय जातंय ते शोधायचं. त्यांनी लिहिलं: हात आत हवा. हात आत नको. मग चार दिवस प्रेसकडे बघत राहिल्या. ठोका मारून प्रेसचं डोकं वर जातं, ते रिकामंच. त्याला दांडा जोडला तर तोच तुकडा बाहेर ढकलेल, हात आत जायचं कामच नाही!

त्यांनी वहीत काढलेलं दांड्याचं चित्र यादवने पाहिलं. "ऑर्डर संपू द्या मावशी, मग बघू."

त्यानंतर नवव्या दिवशी जेवणाच्या सुट्टीआधी स्नेहा किंचाळली. चार बोटं गेली. रक्त माझ्या तोंडावर उडालं. आणि यादव ओरडला, "आधी पाचर काढा, कुणी बघायच्या आत!"

लताबाईंनी हातोडा उचलला. पहिला घाव यादवच्या मनगटावर. हाड मोडल्याचा आवाज मी ऐकला. मग अकराही प्रेसची बटणं त्या फोडत गेल्या. आम्ही कुणी अडवलं नाही. मला बरं वाटलं, खोटं कशाला सांगू?

नोकरी गेली, केस झाली. जामिनावर सुटल्या त्या मला घेऊन थेट दवाखान्यात. स्नेहाच्या पलंगावर वही उघडून त्यांनी दांडा कसा चालतो ते समजावलं. स्नेहाने नीट ऐकून घेतलं.

"सोपं आहे की. मला का नाही दाखवलं, ताई?"

"साहेबांना दाखवलं होतं गं."

"साहेबांचा हात कुठे होता आत?"

लताबाई ओक्साबोक्शी रडल्या. स्नेहाने त्यांना गप्प केलं नाही.