चाखणं आणि गिळणं

माझ्यावर सगळ्यांत जास्त उपकार आहेत ते देवणीच्या मामीचे. दूध आटवून, खवा विकून त्यांनी मला बारावीपर्यंत घरी ठेवलं आणि पुढे लातूरला शिकायला पाठवलं. आमच्या घराण्यातला मी पहिला पदवीधर.

आता नांदेडजवळ बिअरच्या एका लहान कारखान्यात तपासणीला आहे. रोज सकाळी प्रत्येक टाकीतला घोट घ्यायचा आणि चव लिहायची. दुपारपर्यंत जीभ जड होते. डब्यातल्या भाजीत मीठ आहे की नाही, तेही कळत नाही.

त्या दिवशी कारखान्यात पहिल्यांदा पोर्टर तयार झाली. मोड आणून काळेभोर भाजलेल्या जवाची बिअर. उजेडात धरली तर कडेला लालसर, वर चहाच्या रंगाचा फेस. आधी गोडसर, मग करपट, शेवटी घशाशी रेंगाळणारा कडूपणा.

"काय लिहू? कॉफी का चॉकलेट?" पुण्याहून आलेल्या साहेबांनी विचारलं.

"सर, खव्याच्या कढईची खरवड."

"आता बाटलीवर खरवड छापू का?" ते हसले. पुन्हा एक घोट घेतला. "पण तेच आहे, लेका."

एवढ्या कौतुकानं थकवा जरा उतरला. संध्याकाळी मामीला फोन करून सगळं सांगितलं. गळ्यातल्या लिंगाची पूजा झाल्याशिवाय त्या पाणीही घेत नाहीत. कारखाना बिअरचा आहे हे त्यांना माहीत होतं. पण मी मशीनवर असतो, असा त्यांचा समज.

"म्हंजे पिऊन राहिला तू?"

"पीत न्हाई, मामी. चाखून राहिलो."

"चाखून थुकतो का गिळतो?"

मी साहेबांचं कौतुक पुन्हा सांगू लागलो.

"गिळत असशील तर ह्या घरात पाऊल टाकू नको." फोन बंद.

त्यानंतर त्यांनी माझा एकही फोन उचलला नाही. रविवारी देवणीच्या गाडीपर्यंत गेलो आणि खोलीवर परत आलो. मग पत्र लिहिलं.

"ती. मामींना शिरसाष्टांग नमस्कार.

गिळतो. कडूपणा घशाशी कळतो, थुंकला तर कळत नाही. घोट लहान असतो, नशा होत नाही. कामाबाहेर पीत नाही. नोकरी सोड म्हणाल, पण दुसरी शोधत फिरायचं बळ आता माझ्यात नाही, मामी. फार दमलोय. तरी तुमच्याशी खोटं बोलून तुमच्या घरात जेवायला बसणं मला जमणार नाही. पुढच्या रविवारी येतो. ओट्यावर बसेन. ताट बाहेर दिलं तरी जेवीन."