काळूच्या उतारावरची जीप

दुसरी मोठी लढाई संपून पाच-सहा वर्षं झालेली, तरी कल्याणात लष्करानं विकायला काढलेल्या, डिस्पोजलच्या जीपा अजून मिळायच्या. मी ज्या डॉक्टरीणबाईंची गाडी चालवायचो, त्यांनी तशीच एक घेतली होती. टिटवाळ्यापलीकडच्या खेड्यांत बाळंतपणाला जायचं, तर चिखलातून, नदीतून निघणारी गाडी हवी. मी तेव्हा पंचविशीचा. ड्रायव्हर मीच, मेकॅनिकही मीच, आणि दोन्हींची मला घमेंड.

ड्रायव्हरच्या सीटवर एक तपकिरी डाग होता, कितीही घासला तरी न गेलेला. "यातला सोल्जर अजून उतरलेला नाही," असं बाजारात कुणीतरी म्हणालं आणि ते गाडीला चिकटलंच. मी हसायचो. पण त्या चैत्रात गाडीच्या पोटातून टकटक सुरू झाली. बंद दारावर कुणी बोटांनी वाजवावं तशी. वेग वाढला की घाईघाईनं, कमी केला की थांबून थांबून. आवाज कशाचा, ते मला ठाऊक होतं. एंजिनची ताकद मागच्या चाकांना पोचवणाऱ्या लांब शाफ्टचा क्रॉस, म्हणजे सांध्यातला तुकडा, झिजला होता. ठाऊक असूनही एकटा असलो की मी मागे वळून बघायचो.

एका दुपारी आम्ही एका अडलेल्या बाईला कल्याणला आणत होतो. मागे गादीवर ती, शेजारी तिचा म्हातारा सासरा, पुढे डॉक्टरीणबाई. काळू नदीच्या उतारावर टकटकीचे एकदम हातोडे झाले. मी गाडी थांबवली.

"बाई, हा शाफ्ट चालत्या गाडीत तुटला तर अनर्थ होईल. काढून टाकतो आणि पुढच्या चाकांवर नेतो."

"किती वेळ?"

"पंधरा मिनिटं."

हँडब्रेक गच्च ओढून मी मागच्या बाजूनं गाडीखाली सरपटत शिरलो. सासरा पाणी आणायला नदीकडे उतरला. डॉक्टरीणबाई करंजाच्या सावलीत इंजेक्शनची सुई उकळायला बसल्या. वारा नव्हता. पाखरूसुद्धा बोलत नव्हतं. फक्त माझ्या डोक्यावर, पत्र्यापलीकडे, त्या बाईचं कण्हणं. शेवटचा नट सैल करताना तेही थांबलं.

नट निघाला आणि माझ्या अंगावरची सावली सरकली.

आधी वाटलं, ढग. मग मागच्या ॲक्सलचा लोखंडी गोळा माझ्या कानाशी घासून पुढे गेला आणि डोळ्यांत ऊन घुसलं. शाफ्टचा मागचा तुकडा खाचेतून सुटून माझ्या हातात राहिला होता. एंजिन बंद, आवाज काही नाही, आणि जीप चालत निघाली होती. समोर डोह. मी कोपरांवर उठलो. ड्रायव्हरची सीट रिकामी होती, आणि स्टिअरिंग वळत होतं. सावकाश, सराईत हातानं वळवावं तसं. डोहाच्या अलीकडे गाडी डावीकडे वळली, वाळूत शिरली आणि थांबली.

आम्ही तिघं धावत पोचलो. ती बाई डोळे उघडे ठेवून पडली होती.

"घाबरलीस का गं?" डॉक्टरीणबाईंनी विचारलं.

"न्हाई. डायवर व्हता ना," ती म्हणाली.

मी शाफ्टचा उरलेला तुकडा सोडवला, एंजिनची ताकद पुढच्या चाकांना देणारा दांडा टाकला आणि कसाबसा कल्याणला आलो. संध्याकाळी तिला मुलगी झाली. दोघी सुखरूप.

दुसऱ्या दिवशी मी ठाण्याला, टेंभी नाक्याजवळच्या एका म्हाताऱ्या मिस्त्रीकडे जुना पण धड शाफ्ट आणायला गेलो. झाला प्रकार सांगितला. तो बिडी विझवून मला एका उघड्या जीपखाली घेऊन गेला.

"हा ड्रम बघ. तुझा हँडब्रेक चाकाला नाही, याच शाफ्टला धरतो. शाफ्ट काढलास, तेव्हाच ब्रेक गेला. चाकाला दगड लावायला काय झालं होतं?"

भूत नव्हतं. मी होतो.

शाफ्ट बसवला, टकटक बंद झाली. तोवर गावोगाव सोल्जरची गोष्ट पसरलेली. मी ती पसरू दिली. कुणी विचारलं तर मान डोलवायचो. माझी चूक एका मेलेल्या माणसाच्या नावावर खपत होती. पण गाडीत बसलं की मानेवर कुणाचा तरी श्वास वाटायचा. महिनाभरानं मी डॉक्टरीणबाईंना सगळं सांगून टाकलं.

त्या म्हणाल्या, "मला सांगून काय उपयोग? जिला बुडवणार होतास तिला सांग."

आम्ही गेलो. ती ओटीवर मुलीला पाजत होती. मी ब्रेक, शाफ्ट, दगड, सगळं सांगितलं. बैलगाड्यांच्या चाकोरीत चाकं अडकली, म्हणून गाडी वळली असणार, हेही सांगितलं. तिनं नीट ऐकून घेतलं.

"चूक तुमची, दादा. ती मी मनात न्हाई ठेवत," ती म्हणाली. "पन त्यानं मागं वळून बघितलं माझ्याकडं. त्याचं काय करू?"

डॉक्टरीणबाईंनी मुलीचं वजन घेतलं. सासऱ्यानं आम्हाला ताक दिलं. परतताना उतारावर मी मागच्या दोन्ही चाकांना दगड लावले आणि खाली वाळूपर्यंत जाऊन पाहिलं. वाळू कोरडी, चाकोऱ्या कधीच बुजलेल्या. गाडी कुठून वळली, ते आता कुणालाच दाखवता आलं नसतं.