कवळी विसरणारे काका

मनोविकारांच्या दवाखान्यात मावशींना तीस वर्षं झाली. केसपेपर काढणं, नावं पुकारणं आणि नको तिथे मत देणं ही त्यांची कामं. पगार मात्र पहिल्या दोन कामांचाच. आधी मोठे डॉक्टर बसायचे, आता त्यांची लेक बसते. तिला सगळे ताई म्हणतात.

मावशींच्या कपाटात विसरलेल्या वस्तूंचा एक खण आहे. हल्ली त्यातला सगळा माल एकाच माणसाचा असतो: घड्याळं दुरुस्त करणाऱ्या काकांचा. बायको गेल्यावर काकांची झोप उडाली, अन्नावरची वासना गेली. गोळ्यांनी माणूस पुन्हा उभा राहिला. "आता दोन भेटी, मग सुट्टी," असं ताईंनी जाहीर केलं आणि त्या दिवसापासून काका विसरायला लागले. आधी छत्री, मग मफलर आणि परवा चक्क दातांची कवळी!

मुलगा हादरला. "बाबांचं डोकं चाललंय, ताई. दुकान बंदच करतो." काकांचा चेहरा एवढासा झाला. ताईंनी मेंदूच्या तपासण्यांची चिठ्ठी लिहून ठेवली आणि दोघांना बाहेर बसवलं.

"त्यांना काही झालेलं नाही," मावशी म्हणाल्या. "मोठे डॉक्टर म्हणायचे, वस्तू मागे ठेवणाऱ्याला परत यायचं असतं."

"मावशी, हे शंभर वर्षांपूर्वीच्या पुस्तकांतलं! आता आम्ही मेंदूतली रसायनं बघतो."

"बघा की. पण रसायनं कवळी काढून बाकावर ठेवत नाहीत हो."

ताईंनी काकांना एकट्यालाच आत घेतलं. स्मरणशक्तीच्या चाचणीत घड्याळाचं चित्र काढायचं असतं. "काका, अकरा वाजून दहा मिनिटं दाखवा."

"चावीचं की सेलचं?"

पाव तासाने कागदावर तबकडी होती, काटे होते आणि शेजारी झाकण उघडून आतली चाकंसुद्धा होती. "तुमचं भिंतीवरचं चार मिनिटं मागे आहे," काकांनी वर ऐकवलं.

ताईंनी पेन खाली ठेवलं. "काका, इथे येणं थांबलं तर काय होईल?"

काकांनी चित्रातल्या काट्यांवरून बोट फिरवलं. "मुलगा चांगला आहे. गोळी घेतली का, रोज विचारतो. पण झोप लागली का, स्वप्न काय पडलं, हे ती विचारायची. आता तुम्ही विचारता."

ताईंनी तपासण्यांची चिठ्ठी फाडली आणि मुलाला बोलावलं. "दुकान चालू राहील. गोळ्या हळूहळू कमी करू. काका महिन्यातून एकदा येतील."

"येऊन करायचं काय?"

"बोलायचं. आणि उद्यापासून तुम्ही घरी विचारायचं, झोप लागली का."

"एवढंच?"

"एवढंच. पण जरा लवकर उठा," मावशी दारातून म्हणाल्या. "उत्तर लांबलचक येणार आहे."