भोंग्यानंतरचा धवला

माझी नात माझ्या मांडीवर बसत नाही. आता पहिलीत आहे, तेव्हा मांडीवर बसायचं वय सरलं असं कोणी म्हणेल. पण ती अडीच वर्षांची असल्यापासून बसत नाही, आणि बाकी सगळ्यांच्या बसते. मामाच्या बसते, आत्याच्या बसते, समोरच्या फ्लॅटमधल्या बाईच्याही बसते, जिच्याशी माझं लिफ्टपुरतंच बोलणं आहे. मी हात पुढे केले की पोरगी ताठ होते. रडत नाही, पळत नाही. नुसती ताठ होते, आणि कशाची तरी वाट बघते. मी सोडलं की श्वास टाकते आणि खेळायला जाते. रोज उठून हे बघायला दगडाचं काळीज लागतं, आणि माझं तसं नाही.

त्यात मी जन्मभर अंगणवाडी चालवलेली बाई. गावातल्या पोरवयाच्या आयांना सांगून सांगून माझा घसा बसला होता. बायांनो, मुलाला छातीशी धरा. त्याच्याशी बोला, त्याला गाणी म्हणा. पहिल्या दोन-तीन वर्षांत त्याचा मेंदू ओल्या मातीसारखा असतो, जे उमटेल ते राहतं. आमच्याकडून हे प्रशिक्षणात पाठच करून घेतलं होतं. बाया माना डोलवायच्या आणि घरी जाऊन पोराच्या हातात मोबाईल द्यायच्या. माझ्या नातीच्या बाबतीत मी मात्र यातलं अक्षर न् अक्षर पाळलं. तीच तर रड आहे.

आमचं गाव खाडीच्या काठाला, डोंगराच्या पायथ्याशी होतं. होतं म्हणायचं, कारण आता तिथे विमानं उतरतात. विमानतळासाठी गाव उठणार होतं आणि त्याआधी डोंगर फोडायचा होता. नात जन्मली तेव्हा अर्धं गाव सामान बांधून गेलेलं होतं आणि अर्धं मागे राहिलेलं होतं. आम्ही राहिलेल्यातले. शेजारच्या घराची कौलं उतरवलेली, दारं-खिडक्या काढून नेलेल्या, आणि त्याला लागून आमची तुळस आणि आमची वाळत घातलेली धुणी. मुलगा आणि सून सकाळी कामाला जायचे. माझी अंगणवाडी तोवर सुटली होती, दिवसभर घरात मी आणि ती तान्ही पोर.

दुपारी जेवणं उरकली की भोंगा वाजायचा. भोंगा वाजला की घरात जायचं, खिडकीजवळ थांबायचं नाही, असं सगळ्यांना सांगून ठेवलेलं होतं. भोंगा थांबला की मध्ये काही वेळ जायचा. किती ते कधी सांगता यायचं नाही. कधी दोन घोट पाणी पिण्याइतका, कधी असा लांबायचा की आज विसरले की काय असं वाटावं. कुत्री गप्प व्हायची. मग सुरुंग उडायचा. आधी जमीन हलायची, पायांना कळायचं, आणि मग आवाज यायचा. फळीवरची भांडी नाचायची, कौलांतून माती गळायची. डोंगर आपल्या दारात नाही, आपल्या पोटात फुटतोय असं वाटायचं. मी म्हातारी घाबरायची, तर त्या एवढ्याशा जिवाचं काय होत असेल?

म्हणून भोंगा सुरू झाला की मी पोरीला उचलायची आणि आतल्या खोलीत भिंतीला पाठ लावून बसायची. तिला मांडीत घट्ट घ्यायची. दोन्ही तळव्यांनी तिचे दोन्ही कान झाकायची आणि हनुवटी तिच्या टाळूवर टेकवायची. आमचे हे दगडाच्या खाणीवर होते. ते जाऊन बरीच वर्षं झाली, पण त्यांचं एक सांगणं डोक्यात बसलेलं होतं, की सुरुंगाच्या वेळी तोंड उघडं ठेवावं, नाहीतर कानाचे पडदे जातात. तान्ह्या पोराला कोण सांगणार तोंड उघड म्हणून? मग मी करंगळी तिच्या ओठांच्या कोपऱ्यात सरकवून ठेवायची. तिचं तोंड ते केवढं, करंगळी सहज पोचायची.

आणि असं बसून मी धवला म्हणायची. आमच्याकडे लग्न लावायला धवलारीण लागते. ती बाई लग्नातले विधी गात गात पार पाडते, त्या गाण्याला धवला म्हणतात. माझी आई धवलारीण होती. दुसरी कुठली गाणी मला त्या वेळी सुचायचीच नाहीत. आईचा तो संथ, ओढत नेलेला सूर मी पोरीच्या टाळूवर गुणगुणायची, आणि माझ्या छातीतून तो तिच्या अंगात जायचा. मग सुरुंग उडायचा. ती किंचाळायची. मी पाठ थोपटत म्हणायची, झाला गो बाय, गेला, आता नाय. मला वाटायचं, मी तिच्यापुढे ढाल होऊन बसले आहे. दोन वर्षांहून जास्त दिवस हे असंच चाललं.

मग आमचाही नंबर लागला, आणि आम्ही पनवेलजवळ विचुंब्याला भाड्याच्या फ्लॅटमध्ये आलो. गाव गेलं. डोंगरही गेला. पोरगी शाळेत जायला लागली, बोलायला लागली, आणि बोलायला लागली ती अशी की ऐकणाऱ्याने दमावं. निम्मं मराठी, निम्मं हिंदी. सोसायटीतल्या पोरांत राहून आमची आगरी बोली तिच्या तोंडातून कधीच गेली. मी गावच्या घराचा फोटो दाखवला तर म्हणाली, हे कोणाचं घर? मला बरंच वाटलं. म्हटलं, चला, विसरली एकदाची. फक्त ती माझ्याजवळ येत नव्हती. सून म्हणायची, असतात एकेक मुलं अशी, तुम्ही मनाला लावून घेऊ नका. मनाला लावून घेऊ नका म्हणे! मग कुठे लावून घेऊ?

पुतण्याची हळद होती, रोडपालीला. आमच्यात हळद म्हणजे लग्नाहून मोठी, मांडवात पाय ठेवायला जागा नाही, बाहेर डीजे लागलेला. त्या डीजेच्या आवाजाने माझी बरगडी हलत होती आणि ही पोरगी त्याच्यासमोर नाचत होती. आवाजाची तिला भीती नाहीच, हे मी तेव्हा डोळ्यांनी बघितलं. मग विधीसाठी डीजे बंद केला. मांडवात धवलारीण बसली आणि तिने सूर लावला. म्हातारी होती, आवाज चिरका झालेला, पण चाल तीच.

नाचता नाचता पोरगी थांबली. गर्दीतून वाट काढत ती भिंतीपाशी गेली आणि पाठ लावून खाली बसली. गुडघे पोटाशी घेतले. दोन्ही हातांनी कान झाकले. आणि एक करंगळी तोंडाच्या कोपऱ्यात घातली. डोळे उघडे होते, समोर बघत होते, पण समोरचं काही दिसत नव्हतं. धवला चालू होता तोवर ती तशीच बसून राहिली. संपला तरी उठली नाही, कारण तिच्या लेखी अजून काहीच झालेलं नव्हतं. ती वाट बघत होती. मी तिच्याकडे धावले आणि चार पावलांवर थांबले. मी जवळ गेले असते तर काय झालं असतं ते मला कळून चुकलं होतं. शेवटी तिच्या आत्याने तिला उचलून बाहेर नेलं.

मांडवात कुजबुज व्हायला कितीसा वेळ लागतो? माझी जाऊ जवळ येऊन म्हणाली, जुन्या गावचं काहीतरी पोरीच्या पाठीमागे आलंय. गाव उठलं, पण तिथलं सगळंच काही उठलं नाही. वेशीवर नारळ ठेवून या. मी तिच्यावर उखडले. वेस कुठे आहे आता? नारळ काय धावपट्टीवर नेऊन ठेवू? देवसुद्धा उचलून नव्या देवळात आणून बसवला, त्याला तरी आपली वेस आठवत असेल का? जाऊ मान उडवून निघून गेली. पण रिक्षातून परत येताना माझ्या मनात आलं, ती चुकलेली नाही. गावाहून पोरीच्या मागे काहीतरी आलेलं आहेच. ते मी आहे. 

पनवेलच्या डॉक्टरीणबाईंनी कान तपासले, ते चांगले होते. मग त्यांनी मला शांतपणे सगळं विचारून घेतलं आणि म्हणाल्या, इतक्या लहान वयातली गोष्ट मुलांना आठवत नाही. पण कशाच्या मागून काय येतं, ते अंग विसरत नाही. मला हे नवीन नव्हतं. अंगणवाडीत हेच तर शिकवायचो आम्ही, घंटा झाली की खाऊ, टाळ्या वाजल्या की गोल रिंगण. दोनदा केलं की नुसत्या घंटेनेच पोरांच्या तोंडाला पाणी सुटायचं. भोंगा तिने लांबून ऐकला. जवळून तिला कळली ती माझी मांडी, माझे तळवे, माझी हनुवटी, माझा सूर. त्याच्यामागून दर वेळी जग फुटलं. करायला गेले गणपती आणि झालं माकड. मी तिला धीर देत नव्हते. मी तिचा भोंगा झाले होते.

त्यानंतर मी तिला जवळ घेणं सोडलं. धवला तर बंदच केला, स्वयंपाक करताना ओठांवर यायचा तो गिळायची. यंदा नातू झाला. त्यालाही मी उचलेना. न्हाऊ घालायची, धुरी द्यायची, लंगोट बदलायची, पण मांडीत घेऊन बसायची नाही. सुनेला ते खुपलं. आईंना नातवाचं काही नाही, असं ती माझ्या मुलाजवळ म्हणाली, आणि फ्लॅटच्या भिंती त्या केवढ्या जाड असणार. मी काय सांगणार होते तिला? की बाई, माझ्या कुशीत काय आहे ते मलाच ठाऊक नाही?

विमानं सुरू झाली तशी अधूनमधून डोक्यावरून जातात. त्या दुपारी एक जरा खालून गेलं. सून आंघोळीला गेलेली, नात जमिनीवर बसून चित्र रंगवत होती, बाळ पाळण्यात. बाळ दचकलं आणि रडायला लागलं, काही केल्या थांबेना. काळंनिळं व्हायला लागलं तसं मला राहवेना. मी त्याला उचललं आणि खाली बसले. अंगाला जी सवय होती ती होती. पाठ भिंतीला लागली, तळवे त्याच्या कानांवर गेले.

नात उभी राहिली. हातातला रंग खाली पडला. 

“आजी, त्याला धरू नकोस,” ती म्हणाली. “तू धरलंस की होतं.”

इतक्या वर्षांत ती हे पहिल्यांदा बोलली. काय होतं, ते मी विचारलं.  ती एवढंच म्हणाली, की होतं. माझ्या डोळ्यांना धार लागली, पण मी बाळाला खाली ठेवलं नाही. आता ठेवलं असतं तर तिचंच खरं झालं असतं. मी म्हटलं, तू लांबच बस, पण बघ. आपण वाट बघू. ती दाराला टेकून बसली. मी धवला धरला, किती दिवसांनी, आवाज फुटत नव्हता तरी. बाळ हळूहळू शांत झालं. मी गाणं संपवलं आणि आम्ही वाट बघितली. खाली कोणाची तरी स्कूटर सुरू झाली. मोरीत बादली वाजली. काहीच झालं नाही.

“अजून थांब,” ती म्हणाली. आम्ही अजून थांबलो.

मग मी तिला सगळं सांगितलं. आपलं गाव होतं, डोंगर होता, तो फोडायचे, फार मोठा आवाज व्हायचा. तू बाळाहून थोडीच मोठी होतीस. तुला ऐकू येऊ नये म्हणून मी तुझे कान धरायची. आवाज मी करत नव्हते गं. तो येणार असायचा, म्हणून मी तुला धरायची. हे सांगताना मी तिच्याकडे बघितलं नाही, बाळाकडे बघत राहिले. करंगळीचं आणि तोंड उघडं ठेवण्याचं काही मी बोलले नाही. त्याची मला लाज वाटत होती की भीती, ते सांगता येत नाही.

तिने बाळाच्या कानांवरच्या माझ्या हातांकडे बघितलं. मग तिने विचारलं, “मग तुझे कान कोण धरायचं?”

मला हे कोणीच कधी विचारलं नव्हतं. माझा डावा कान तेव्हापासूनच कमी ऐकतो, घरात सगळे मला वयाचं कारण सांगतात. मी म्हटलं, कोणी नाही बाय. माझे दोन्ही हात तुझ्याकडे होते.

ती उठली. मला वाटलं, चित्राकडे जाते. ती माझ्या मागे आली. मी भिंतीपासून थोडी पुढे सरकले, तशी ती मध्ये शिरली. दोन लहान, रंगाने चिकट झालेले तळवे माझ्या कानांवर आले. ते पुरत नव्हते, म्हणून ती ते घट्ट दाबत होती. तिची हनुवटी माझ्या डोक्यावर टेकली. सगळं घर लांब गेल्यासारखं झालं, आणि तिचा आवाज हाडांतून आल्यासारखा आला.

“तोंड उघड,” ती म्हणाली.

मी तोंड उघडलं, आणि आम्ही तिघं वाट बघत बसलो.