व्याज म्हणजे बँकेचं नव्हे

त्या दुपारी आम्ही दोघं मागच्या पडवीत वाल सोलत बसलो होतो. मोड आलेले वाल कोमट पाण्यात टाकायचे आणि बोटांनी चिमटून साल काढायची, एवढंच काम. माझ्या हातून दर दुसरा दाणा मोडत होता. आमची ही म्हणाली, "अहो, डाळिंब्या सोलताय का लाकूड फोडताय?" मी सुतार. म्हटलं, "आमटीत गेल्यावर कोण बघतंय?" ती हसली नाही. पदराला हात पुसून म्हणाली, "जरा गॅस धरलाय. आडवी होते. तेवढे संपवून ठेवा." मी संपवले. चहाला हाक मारली तर उत्तर नाही. आत गेलो तर खलास.

तेरावं झालं आणि मंगेशनं, माझ्या मुलानं, घराला कुलूप लावलं. शेजारची भागीवहिनी बेड्यापर्यंत, फाटकाशी आली. मी म्हटलं, "जातो." ती ओरडली, "भावोजी, येतो म्हणा!" जाणाऱ्यानं जातो म्हणू नये तर काय म्हणावं? मला असलं वळसे घालून बोलणं कधी जमलं नाही. तिसरीपर्यंत शाळा. जे असेल ते बोलायचं, समोरचा बोलेल ते खरं धरायचं.

गावाकडच्यांनो, तुम्ही फोनवर विचारता, मंगेशनं मला आणलं ते दुबईजवळचं रास अल खैमा कसं आहे. डोंगर आहेत, पण उघडे, एक झुडूप नाही. मंगेश टाइल्सच्या कारखान्यात शिफ्ट सांभाळतो. चौथ्या मजल्यावर घर. सूनबाई शलाका शाळेत नोकरीला, नात ईरा त्याच शाळेत आठवीत. सकाळी सगळी गेली की मी आणि एसी. इकडे काम संपलं की जो तो 'खलास' म्हणतो. दुकानदार म्हणतो, ड्रायव्हर म्हणतो, कचरा नेणारा म्हणतो. दरवेळी मला हिची ती दुपार आठवते.

भीती मला आधी ठाऊक नव्हती. छपरावर वासे चढवले, कधी पाय कापला नाही. हिच्यामागं मात्र घरात कोणी खोकलं तरी मी उठून बसतो. मंगेश चिडवतो, "बाबा, तुम्ही हल्ली ढेकरेला पण घाबरता."

ईरा शनिवारी मराठीच्या वर्गाला जाते, त्याचा अभ्यास गुरुवारी घरी करत होती. तिकडं तिला अलंकार शिकवतात. मला वाटलं सोन्याचे. ती खो खो हसली. "नो आजोबा, भाषेचे! तुम्ही मला एक्झाम्पल्स द्या." शलाका पोळ्या लाटत होती, तीही म्हणाली, "द्या बाबा, मला तर आता काही आठवत नाही."

मग बसलो. अतिशयोक्ती म्हणजे वाढवून सांगणं. म्हटलं, "तुझी आजी म्हणायची, तुम्हाला शंभरदा सांगितलं. सांगितलेलं असायचं दोनदा." ईरानं टाळी दिली. उपमा? "आजी म्हणायची, तुमची जीभ करवतीसारखी." "व्हेरी गुड. आणि 'सारखी' काढून टाकलं, तुमची जीभ करवतच आहे म्हटलं, की रूपक." म्हटलं, "तेही म्हणायची." शलाका हसता हसता पोळी करपवून बसली. हिच्या मागं पहिल्यांदा मला त्या घरात बरं वाटलं. माझ्या बायकोच्या तोंडात एवढे अलंकार होते, आणि मी समजत होतो नुसती भांडते.

मग ईरानं विचारलं, "आणि व्याजोक्ती?"

"व्याज? बँकेचं?"

"नॉट बँक, आजोबा! इथं व्याज म्हणजे प्रिटेन्ड करणं. खरं रीझन लपवायचं आणि दुसरंच सांगायचं." ती जरा थांबली आणि तिचं तिलाच सुचलं. "ओ, आय हॅव वन! मंगळवारी लिफ्ट बंद होती ना? पप्पा आणि मी दूध घेऊन जिन्यानं आलो. पप्पा सेकंड फ्लोअरला थांबले, परत थर्डला थांबले, भिंतीला धरून. मी विचारलं व्हाय, तर म्हणाले, बुटाची लेस सुटली. आजोबा, ही वॉज इन चप्पल!"

ती हसली. शलाका हसली नाही. मीही नाही. हिचं 'जरा गॅस धरलाय' माझ्या कानात वाजलं.

संध्याकाळी मंगेश आला. मी सरळ विचारलं, "छातीत दुखतं का रे?"

"छे! टाइल्सची पॅलेट सरकवली, खांदा आखडलाय."

"परवा जिन्यात थांबला होतास."

त्यानं ईराकडे बघितलं, मग ताटाकडे. "बाबा, कामाचं प्रेशर आहे. पुढच्या आठवड्यात चेकअप करू, इन्शाल्ला. आता जेवू द्या." शलाकानंही सांगून पाहिलं. तिला म्हणाला, "तू पण बाबांसारखं सुरू करू नकोस." पाठीवर पडल्यावर त्याला खोकला येतो म्हणून उशी उंच घेतो, असं ती मला नंतर हळूच म्हणाली. खोकला मी एकदाही ऐकला नव्हता.

दुसऱ्या दिवशी सकाळी शलाका आणि ईरा शाळेच्या बसनं गेल्या. मंगेश दाराशी बूट चढवत होता. सरळ बोलून तो ऐकणार नाही हे मला कळून चुकलं होतं. मी भिंतीला टेकलो, छातीवर हात दाबला आणि म्हणालो, "मंगेश, मला दुखतंय रे. दवाखान्यात ने."

त्याचं तोंड पांढरं पडलं. फोनवर कुणाला तरी म्हणाला, "हबीबी, फादर को इमर्जन्सी है," आणि मला धरून खाली आणलं. गाडीत विचारत सुटला, "बाबा, डावा हात भरून आलाय का? जबड्यात कळ जाते? चढताना दम कोंडतो, थांबलं की बरं वाटतं, असं होतं का?" मी ऐकत राहिलो. एवढं बारीकसारीक याला कुठून ठाऊक? डॉक्टरकडे तर तो गेलाच नव्हता.

बाहेर ते उघडे डोंगर पळत होते. गावचं घर डोळ्यांपुढं आलं, पण त्यात मला भिण्यासारखं काही उरलं नव्हतं. भीती सगळी शेजारच्या सीटवर बसून गाडी चालवत होती. ज्याच्यासाठी जीव भितो, घरही तिथंच म्हणायचं, दुसरं काय.

इमर्जन्सीतली केरळी सिस्टर म्हणाली, "अंकल, आप इधर लेट जाओ." मी पलंगाला धरून उभा राहिलो. मंगेशकडे बोट दाखवलं. म्हटलं, "मेरे को कुछ नहीं हुआ. पेशंट ये है. छाती में दर्द है, छुपाता है."

मला वाटलं, आता चिडेल. चारचौघांत माझी शोभा केलीत, ड्युटी बुडवलीत, म्हणेल. मी उत्तर तयार ठेवलं होतं.

मंगेश पलंगावर बसला आणि आपणहून शर्टाची बटणं काढायला लागला.